आठ लाइनी आणि एक ‘होना’

१

वकील कृष्णवेणी यांच्या बैठकीत सोमवारी सकाळी दोन माणसं येऊन बसली आणि दोघांनी एकदमच बोलायला सुरुवात केली, तेव्हाच त्यांच्या लक्षात आलं की प्रकरण कोर्टातलं नाही, घरातलं आहे. कोर्टातली भांडणं करणारी माणसं निदान पाळीपाळीनं बोलतात.

एक होते बालकृष्ण, कुंभकोणमच्या मराठी सभेचे सेक्रेटरी. दुसरा त्यागराज. मद्रासच्या कुठल्याशा कंपनीची टेलिफोनची यंत्रं विकणारा, सभेचाच सभासद आणि तोंडाचा पट्टा कधी न थांबणारा.

“अक्का, काल सभेत चोरी झाली,” त्यागराज म्हणाला.

“काय गेलं?”

“अंबाबाईंचं मत.”

कृष्णवेणींनी चष्मा काढून पदरानं पुसला. तीस वर्षांच्या वकिलीत त्यांनी दागिने, म्हशी, एकदा तर देवळाची घंटाही चोरीला गेलेली पाहिली होती. मत चोरीला जायची ही पहिलीच वेळ.

गोष्ट अशी होती. तीनशे वर्षांपूर्वी तंजावरच्या राज्यात आलेली मराठी घरं आता बेंगळूर, मद्रास, हैदराबाद, मुंबई अशी पांगलेली. वार्षिक सभेला कुंभकोणमला यायचं म्हणजे म्हाताऱ्यांच्या नाकी नऊ. म्हणून सभेनं ठरवलं, सभा टेलिफोनवर घ्यायची. आठ लाइनी, प्रत्येक लाइनीच्या टोकाला एकेक घर, आणि त्या घरात मोठ्या आवाजाच्या फोनभोवती गोळा झालेली सगळी मंडळी. पुढं लाइनी वाढवत न्यायच्या. हे सगळे आवाज एकत्र करणारं यंत्र कुठलं घ्यायचं एवढाच प्रश्न होता. त्यागराजच्या कंपनीचा सीलबंद तयार डबा, की वेणुगोपाळनं साध्या कॉम्प्युटरवर फुकटचं सॉफ्टवेअर घालून जुळवलेलं मशीन?

काल, रविवारी, वेणुगोपाळच्याच मशीनवर चाचणी सभा झाली. मतं समसमान पडली. निर्णय अध्यक्षांवर आला, आणि अध्यक्ष म्हणजे नाचियार्कोविलच्या ब्याऐंशी वर्षांच्या अंबाबाई.

बालकृष्णांनी टेबलावर टेपरेकॉर्डर ठेवला. “हॉलमधल्या स्पीकरसमोर मीच हा ठेवला होता. वेणूचा यात हात नाही. ऐका.”

टेपवर बालकृष्णांचाच आवाज आला. “अंबाबाई, वेणूचं मशीन घ्यायचं कां?”

क्षणभर शांतता. मग एकच शब्द, खणखणीत: “होना.”

पुण्याकडं ज्याला ‘पाहिजे’ म्हणतात, त्याला इकडच्या घरांत ‘होना’ म्हणतात. म्हणजे मत वेणुगोपाळला पडलं.

“आवाज त्यांचाच आहे,” कृष्णवेणी म्हणाल्या.

“आवाज त्यांचाच,” बालकृष्ण म्हणाले. “पण आज सकाळी मी अभिनंदनाचा फोन केला, तर त्या माझ्यावरच उखडल्या. म्हणाल्या, मी तर त्या मशीनला साफ नाही म्हटलं!”

२

वेणुगोपाळ बेंगळूरची नोकरी सोडून गावात परतलेला तिशीचा इंजिनिअर. सभेच्या हॉलमागच्या खोलीत तो आपल्या मशीनशेजारी असा बसला होता, की जणू मशीनलाच अटक होणार आहे.

“अक्का, आज सकाळपासून गावात मी चोर झालो. त्यागराज म्हणतो, पोलिसात जाऊ. पुढच्या रविवारी सभेतून काढून टाकायचा ठराव येतोय. माझी आई आज तळ्यावर गेली नाही. कोण काय विचारील म्हणून.”

कृष्णवेणींना पोराची कणव आली. पण कणव बाजूला ठेवून उलटतपासणी करायची त्यांना सवय होती.

“आधी सांग, हा उद्योग कशाला? तयार डबा मिळत होता ना?”

हे विचारल्यावर मात्र त्याच्या तोंडावर रंग आला. “तयार डब्यात जेवढ्या लाइनी तेवढ्याच. एक वाढवायची म्हटली तर नवा डबा. यात मी आणखी एक कार्ड बसवलं की झालं. सुरुवातीला मी साधे मोडेम लावून बघितले, पण प्रत्येकाला आपलाच आवाज परत ऐकू यायचा, विहिरीत बोलल्यासारखा. मग हे व्हॉइस कार्ड आणलं. प्रत्येक लाइनीला स्वतंत्र कान. आणि निवडलं कशावरून? याला चालवणारा प्रोग्राम कंपनीनं उघडा दिलाय म्हणून. खाली लिनक्स आहे, मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरचं. आवाज मिसळणारा प्रोग्रामही उघडा. कोणीही वाचावा, कोणीही बदलावा.”

“कोणीही बदलावा,” कृष्णवेणींनी शब्द उचलला. “तू बदललास?”

“बदलला. आठ घरांतले पंखे, मिक्सर, रस्त्यावरचे हॉर्न, सगळं एकत्र मिसळलं की नुसता गलका व्हायचा. म्हणून जो बोलेल त्याचीच लाइन उघडायची, बाकीच्या बंद, असं केलं. किती आवाज झाला की लाइन उघडायची, ती पट्टी चाचणीच्या आधी जरा वर चढवली, एवढंच.”

“आणि कोणाचा आधी टेप केलेला आवाज मधेच सोडायचा, तर या मशीनमधून सोडता येतो?”

खोटं बोलणाऱ्यानं या ठिकाणी कानावर हात ठेवले असते.

“येतो, अक्का,” तो म्हणाला. “आणि तो कसा सोडायचा हे या गावात मला एकट्यालाच येतं.”

३

नाचियार्कोविलची बस भातशेतांच्या मधून धक्के खात निघाली. कार्तिकै दीपम्, इकडचा दिव्यांचा सण, जवळ आलेला, त्यामुळं समयांच्या गावात उसंत नव्हती. अंबाबाईंच्या भिंतीला लागूनच समया करण्याचा कारखाना, आणि लेथवर पितळ कातल्याचा किर्रर्र आवाज थेट त्यांच्या माजघरापर्यंत.

“दिवसभर असंच चालतं?” कृष्णवेणींनी मोठ्यानं विचारलं.

“दीपम् होईपर्यंत रविवार देखील नाहीं,” अंबाबाई म्हणाल्या. बाईंचं अंग एवढंसं, पण पाठ ताठ. “अता संवय झाली. आवाज थांबला तरच मी दचकतें.”

नातसून वत्सला पाठीमागं टेकायला उशी घेऊन आली. अंबाबाईंनी ती हातानं परतवली. “कोणला होना?” आणि बाई पुन्हा ताठ बसल्या.

“अंबाबाई, काल तुम्ही काय सांगितलं?”

“नाहीं म्हणून सांगितलं! अय्यो, कितीदां सांगूं? तारा लोंबताहेत, झाकण नाहीं, तसलं मशीन सभेला कशाला? त्यागराजाचा डबा तरी नीट दिसतो.”

“वेणूबद्दल काही राग?”

“राग कशाला? पोर चांगलं अहे. मशीनाला नाहीं म्हटलं, पोराला नाहीं.”

बोलताना फोन कोणाच्या हातात होता? वत्सलेच्या. तिनं तो आजेसासूच्या तोंडाशी धरला होता. आणि ही वत्सला, हे सगळ्या गावाला माहीत होतं, माणसांच्या हुबेहूब नकला करते. मागच्या नवरात्रात तिनं बालकृष्णांची नक्कल केली तेव्हा खुद्द बालकृष्णांच्या बायकोनं आतून ‘आले, आले’ म्हणून ओ दिली होती.

“वत्सला, अंबाबाईंचा आवाज काढून दाखव बघू.”

वत्सला लाजली, मग काढला. आवाज इतका जमला की अंबाबाईंनी तोंडाला पदर लावला आणि खुदखुदून हसल्या.

“काल काढला होतास?”

पोरीचं हसू मावळलं. “नाहीं, अक्का. आईच्यान नाहीं. फोन माझ्या हातीं होता, पण बोलल्या ह्याच. मी ऐकलें. ह्यांनी नाहींच म्हटलं.”

कृष्णवेणी तिच्याकडं बघत राहिल्या. पोरगी खोटं बोलत नव्हती, याबद्दल त्या आपली सनद पणाला लावायला तयार होत्या. म्हातारीही खोटं बोलत नव्हती. आणि टेप तर काय, टेपला जीभच नसते वळवायला.

संध्याकाळी त्यागराज बस-स्टँडवर त्यांची वाटच बघत होता.

“तिथला लेथ ऐकलात ना अक्का? दिवसभर किर्रर्र. आता टेप पुन्हा ऐका. त्या उत्तराच्या आधी किंवा मागं कुठंही तो आवाज नाही! शब्द नाचियार्कोविलहून आलाच नाही. तो मशीनच्या पोटात आधीपासून होता.”

४

मुद्दा बिनतोड होता. कृष्णवेणींना त्यागराज आवडत नव्हता, म्हणून तो मुद्दा त्यांना अधिकच बोचला.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाजी घेताना त्यांना नागलक्ष्मी भेटल्या. तिरुभुवनमच्या लाइनीवर त्याच होत्या. भेटल्या म्हणजे तुटूनच पडल्या.

“वकीलबाई, ह्या बालकृष्णावर कांय कलम लागतं तें सांगा. मी अस्का वेळ, पहिल्यापासून शेवटपर्यंत, फोन धरून बसलें आणि त्यानं मला गैरहजर लिहिलं! मी चांगलं मोठ्यानं सांगितलें, ‘नागलक्ष्मी हाजर.’ मद्रासच्या विजयलक्ष्मीला मात्र दोनदां हजर धरलंन्.”

“दोनदा?”

“दोनदां! ती काय दोन पानांवर जेवते?”

कृष्णवेणींच्या हातातली वांगी हातातच राहिली. भाजीवाली वाट बघत होती, नागलक्ष्मी आणखी बोलत होत्या, पण त्यांचं तिकडं लक्ष उरलं नाही. वांगी तिथंच टाकून त्या घरी आल्या आणि बालकृष्णांनी ठेवून दिलेला टेप सुरुवातीपासून लावला.

हजेरी. बालकृष्ण नुसतं ‘पुढचं कोण?’ विचारत होते आणि माणसं आपापली नावं सांगत होती. बेंगळूरचे वरदराज. टेपवर फक्त “राज हाजर.” हैदराबादचे राधाकृष्ण. टेपवर “कृष्ण हाजर.” मद्रास: “लक्ष्मी हाजर.” थोड्या वेळानं तिरुभुवनम: पुन्हा “लक्ष्मी हाजर.”

काल हे ऐकताना त्यांना वाटलं होतं, घरचीच माणसं, लाडानं अर्धी नावं घेतायत. पण वरदराजमामा? ते स्वतःच्या नावातला कानासुद्धा कोणाला सोडू देत नाहीत!

फक्त मुंबईच्या सेतुरामांचं नाव पूर्ण आलं होतं. का? तर ते म्हणाले होते, “…लो, हॅलो, सेतुराम हाजर.” पहिला ‘हॅ’ गेला होता. दुसरा शाबूत.

कृष्णवेणींनी टेप पुढं नेला. अंबाबाईंच्या उत्तराशी आल्यावर स्पीकरला कान लावला. आधी शांतता. मागं शांतता, त्यागराज म्हणाला तशीच. पण त्यांनी आता शब्दाच्या आजूबाजूला न ऐकता शब्दाच्या आत ऐकलं. पुन्हा लावलं. पुन्हा लावलं.

‘होना’ या शब्दाच्या खाली, शब्दाइतकाच वेळ, बारीक किर्रर्र वाजत होतं. शब्द संपला की तेही संपत होतं.

म्हणजे शब्द नाचियार्कोविलहूनच आला होता, त्याच दुपारी, त्याच लेथच्या शेजारून. कोणी घुसवलेला नव्हता. लाइन त्या शब्दापुरती उघडली आणि पुन्हा मिटली.

पण मग त्या म्हातारीनं ‘नाही’ म्हटलं ते गेलं कुठं?

कृष्णवेणी उठल्या, बसल्या, आणि एकदम त्यांना स्वतःचाच राग आला. साक्षीदाराला कधीही ‘काय सांगितलं’ असं विचारू नये, ‘कोणते शब्द बोललात’ असं विचारावं, हे त्या ज्युनिअर वकिलांना शिकवत आल्या होत्या. आणि स्वतः अंबाबाईंना काय विचारलं? काय सांगितलं! मग म्हातारीनंही अर्थ सांगितला. शब्द सांगितलेच नाहीत.

त्यांनी नाचियार्कोविलला फोन लावला.

“अंबाबाई, बालकृष्णानं विचारलं, वेणूचं मशीन घ्यायचं कां. तेव्हा तुमच्या तोंडून निघालेले शब्द, जसेच्या तसे, सांगा.”

“त्यांत कांय सांगायचं? मी म्हटलें,” अंबाबाई म्हणाल्या, “कोणला होना?”

५

“मशीनला ऐकू यायला वेळ लागतो,” कृष्णवेणी वेणुगोपाळला म्हणाल्या. “कोणी बोलायला लागलं की ते आधी खात्री करून घेतं, हा माणूसच आहे, पंखा नाही. मग लाइन उघडतं. पण खात्री होईपर्यंत जे बोललं गेलं, ते कुठं जातं?”

वेणुगोपाळ पांढराफटक पडला. “कुठंच जात नाही. टाकून दिलं जातं. एरवी ते इतकं थोडं असतं की कळत नाही. पण मी पट्टी चढवली… त्या लेथसाठीच चढवली, अक्का. एकाच जागी एक आकडा आहे, तो सगळ्याच लाइनींना लागू होतो.”

“म्हणून सगळ्यांचीच नावं पुढून कापली गेली. लांब बोलणाऱ्याचा पहिला शब्द गेला तर कोणाला कळत नाही. काहीजण ‘हॅलो, हॅलो’ करून सुरुवात करतात, त्यांचा हॅलो जातो. अंबाबाई हॅलो म्हणत नाहीत. त्यांनी झटकन दोनच शब्द टाकले. त्यातला ‘कोणला’ मशीननं खाल्ला आणि ‘होना’ तेवढा पुढं पाठवला.”

इकडच्या घरांत नको असलेल्या गोष्टीला जुनी माणसं नुसतं नको म्हणत नाहीत. ‘कोणला होना?’ म्हणतात, कोणाला पाहिजे आहे असलं काही! त्यातलं पुढचं काढलं की उरतं ते नेमकं उलटं. पुण्यामुंबईच्या माणसाचा नकार असा उलटला नसता. ‘नको’चं पुढचं कापलं तर नुसतं ‘को’ उरतं.

वेणुगोपाळ डोकं धरून बसला. मग हळूच म्हणाला, “म्हणजे मी सुटलो.”

“सुटलास. पण कशानं सुटलास ते बघ. चोर नाहीस हे दाखवायचं तर मशीन बिघडलेलं आहे हे दाखवावं लागेल. आणि मत तुझ्याविरुद्ध पडलं होतं हेही.”

हे मात्र त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. गेलं वर्षभर त्यानं या मशीनवर जीव टाकला होता. नोकरी सोडली, आईची बोलणी खाल्ली. कृष्णवेणींना मनापासून वाईट वाटलं, आणि तसं त्यांनी त्याला सांगितलंही.

“मी सांगू का सभेला?” त्यांनी विचारलं. “तू नको बोलूस. माझ्या तोंडून गेलेलं बरं.”

वेणुगोपाळनं मशीनचा कीबोर्ड पुढं ओढला.

“नको, अक्का,” तो म्हणाला. “मीच सांगतो. पण रविवारपर्यंत माझ्याकडं वेळ आहे, आणि प्रोग्राम उघडा आहे.”

६

रविवारी सभा पुन्हा त्याच मशीनवर भरली. त्यागराजनं हरकत घेतली, पण आरोपीला ज्या यंत्रावर बदनाम केलं त्याच यंत्रावर त्याचं म्हणणं ऐकलं पाहिजे, असं कृष्णवेणींनी बजावल्यावर तो बसला. हजेरी झाली. विजयलक्ष्मी एकदाच हजर झाल्या, नागलक्ष्मी नावानिशी हजर झाल्या, आणि वरदराज आपल्या सगळ्या अक्षरांसकट आले. बालकृष्णांना त्यात काही विशेष वाटलं नाही.

मग वेणुगोपाळ उभा राहिला. हॉलमध्ये त्याचा आवाज कापत होता, आणि आठ लाइनींवरून तो तसाच कापत गेला.

“गेल्या खेपेला माझ्या मशीननं अंबाबाईंचा एक शब्द खाल्ला. त्यांनी ‘कोणला होना’ म्हटलं होतं. म्हणजे नको. मशीन घेऊ नका, असं त्यांचं मत होतं. चूक मी घातलेल्या आकड्याची, म्हणजे माझीच. प्रोग्राम उघडा होता म्हणून मला ती ओळ सापडली. आता बोलण्याआधीचा थोडा आवाज मशीन हातात धरून ठेवतं, आणि लाइन उघडली की तिथपासून पुढं पाठवतं. पण झालेलं मत माझ्याविरुद्धच आहे. तसं लिहून घ्या.”

त्यागराजची मान खाली गेली होती. तो उठला, वेणुगोपाळपाशी गेला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, “चुकलो रे मी.” एवढं म्हणायला त्याला त्रास झाला हे दिसत होतं, आणि म्हणून कृष्णवेणींना तो त्या दिवशी पहिल्यांदा थोडा आवडला.

बालकृष्णांनी वही पुढं ओढली. “मग त्यागराजचा डबा घ्यायचा असा निर्णय…”

“थांब!” स्पीकरमधून अंबाबाई कडाडल्या. पहिल्या अक्षरापासून ऐकू आल्या. “त्यागराजा, तुझा डबा असा शब्द खातो कां?”

“माहीत नाही, अंबाबाई. खात नसावा.”

“खाल्ला तर? कोण उघडून बघेल?”

“सील आहे. मी उघडू शकत नाही. मद्रासला पाठवावा लागेल, कंपनी बघेल.”

“कंपनीला ‘कोणला होना’ कळतं कां?”

आठ लाइनींवर एकदम हसू उसळलं. मशीननं ते सगळं पोचवलं, एकाचंही अडवलं नाही. त्यागराजही हसला. दुसरं तो करणार काय?

हसू ओसरल्यावर बालकृष्णांनी पुन्हा विचारलं, सभेच्या सेक्रेटरीला शोभेल अशा कोरड्या आवाजात. “अध्यक्षांचं मत अखेरचं. अंबाबाई, वेणूचं मशीन घ्यायचं कां?”

लेथ किर्रर्र वाजला, आणि त्यावरून आवाज आला: “होना.”

बालकृष्णांनी पेन उचललं, पण ते कागदाला टेकवायचा त्यांना धीर होईना. त्यांनी कृष्णवेणींकडं बघितलं, कृष्णवेणींनी वेणुगोपाळकडं. वेणुगोपाळ फोनपाशी वाकला. त्यानं विचारलंच.

“अंबाबाई, त्याच्या आधीं कांय म्हणालां?”

“आधीं कांय नाहीं रे, राजा,” अंबाबाई म्हणाल्या. “नुसतं होना.”